सगळ्या कामाचा चाकू

गेणभाऊंच्या कमरेला तीस वर्षं लाकडी आकडी होती आणि आकडीत कोयता होता. डिंभे धरणाच्या पाण्याकाठी त्यांची वस्ती. तिथं बाप्या माणूस घराबाहेर पडला की कोयता बरोबर निघायचाच, त्याचं कुणाला काही वाटत नसे. वाटलं ते पुण्याहून तंबूत राहायला आलेल्या एका बाईंना. हा माणूस हत्यार लावून पुढं चालतो आणि आम्ही मुलंबाळं घेऊन त्याच्या मागं, असं त्यांनी घरी गेल्यावर मोबाइलवर लिहून टाकलं आणि पाचातला एकच तारा दिला. पुण्यात रोज कोयतेवाल्या टोळक्यांच्या बातम्या, तेव्हा बाईंचं तरी काय चुकलं म्हणा. पण त्यापायी पुढच्या दोन शनिवारांची माणसं गळाली.

तंबूंचा धंदा गेणभाऊंची लेक आरती बघायची. तिनं बापाला सरळ सांगितलं की कोयता आता घरी राहील. त्याच्या जागी एखादा बरा दिसणारा, सगळ्या कामाला येईल असा चाकू आणा. शनिवारपर्यंत नाही आणला तर डोंगरावर वस्तीतला तो भगवंत पुढं चालेल, त्यानं गाईडचा कोर्स केला आहे. मग तुम्ही चूल सांभाळा.

हे ऐकून गेणभाऊंच्या अंगाचा तिळपापड झाला. शिकार बंद होण्याआधी बापाबरोबर सशामागं पळून पळून त्या डोंगरातली वाट न् वाट त्यांच्या पायांना पाठ झाली होती. भगवंतला अजून फोन बघितल्याशिवाय ओढा सापडत नव्हता. पण लेकीशी वाद घालून कधी कुणी जिंकलं आहे? बाजाराच्या दिवशी शेअर जीपमध्ये बसून ते नारायणगावला गेले.

भांड्यांच्या दुकानातली सुरी त्यांनी अंगठ्यानं दाबली तर ती वाकली. दुकानदार म्हणाला, तुमचा अंगठाच जड आहे. शेतीच्या दुकानात चाकू मागितला तर त्यांनी द्राक्षाच्या छाटणीची कात्री पुढं केली, आणि नको म्हटल्यावर आणखी मोठी कात्री काढली. हायवेच्या कडेला डोंगरात फिरणाऱ्यांच्या सामानाचं नवं दुकान होतं. तिथल्या माणसानं मात्र मोठ्या तोऱ्यात एक काळाकुट्ट चाकू काचेवर ठेवला. पाठीला करवतीसारखे दात, मुठीच्या बुडाशी दिशा दाखवणारी सुई. खास शिकारीचा आहे, जंगलात सगळ्याला चालतो, असं तो सांगू लागला.

"शिकार करून आत जायचंय व्हय मला?" गेणभाऊ म्हणाले.

त्यांनी मूठ वाजवून पाहिली तर आत पोकळ. लाकूड फोडायला घेतला असता तर पातं लाकडात आणि मूठ हातात राहिली असती. ते दात कशासाठी, हे दुकानदारालाही माहीत नव्हतं. आणि दिसायला तर हा कोयत्याच्या दसपट भयंकर. याला बघून कुणी घाबरत नाही आणि कोयत्याला घाबरतात, हे कुठलं शहाणपण? गेणभाऊंना इतका वैताग आला की चहा न पिताच ते बाजाराच्या टोकाला गेले.

तिथं फिरत्या लोहारांची भट्टी पेटली होती. सयाजी सांडशीत लोखंड धरून बसला होता आणि त्याची बायको बायडाबाई उभी राहून घण घालत होती. निदान इथं तरी लोखंडाला लोखंड म्हणत होते. गेणभाऊ उकिडवे बसले आणि आपल्याला काय हवं ते सांगू लागले. गाडीच्या पाट्याचं लोखंड घ्या. वीतभर सरळ पातं काढा, दिसायला साधं.

पातं निघालं. गेणभाऊंनी हातात तोलून पाहिलं. कारवी तोडायला हलकं पडेल, पाठ जाड ठेवा. ठेवली. आता वाळली फांदी एका घावात तुटायची तर वजन पुढं हवं. पुढं रुंद केलं. घाव निसटू नये म्हणून टोकाला जरासा बाक द्या. दिला. तंबूच्या खुंट्या तासायच्या, नारळ फोडायचा, म्हणजे मूठ आणखी चार बोटं लांब. घामाघूम झालेली बायडाबाई घण टेकवून ते पातं बघत राहिली.

"भाऊ, ह्यो कोयताच झाला की," ती म्हणाली.

गेणभाऊंनी पाहिलं. झाला होता खरा. त्यांना स्वतःचीच चीड आली. मोडून सरळ करा म्हणावं, असं ओठांवर आलं होतं. पण मग काय कापायचं सोडून द्यायचं, ते त्यांना ठरवता येईना. त्यांनी धार लावून घेतली.

घरी आरतीनं फडकं उलगडलं. गेणभाऊंना वाटलं, हसेल. ती हसली नाही.

"आप्पा, मी एक गोष्ट सांगितली व्हती."

"सगळ्या कामाला येनारं दुसरं काय असतच न्हाई, आरते. मी तरी काय करू?"

"लोकं घाबरत्यात. मला अजून एक तारा परवडायचा न्हाई."

गेणभाऊंनी पातं परत फडक्यात गुंडाळलं. तिच्यावर रागवावं तर तीही खोटी नव्हती. शनिवारी भगवंत पुढं चालणार, हे न बोलता ठरून गेलं.

शनिवारी ऊन कलताना वीस माणसं सूर्यास्त बघायला वर निघाली. भगवंतच्या पट्ट्याला हायवेवरच्या दुकानातला तोच काळा दातेरी चाकू होता, आणि दोघातिघांनी त्याच्याबरोबर फोटोही काढून घेतले. गेणभाऊ चुलीपाशी बसले. नव्या पात्यानं ओंडका फोडला, बारीक ढलप्या काढल्या, तंबूची सैल झालेली खुंटी तासून नीट केली आणि मग पाटावर कांदा घेतला. पातं कुठं अडलं नाही की घसरलं नाही. इतकं चांगलं लोखंड त्यांच्या हाताला आजवर लागलं नव्हतं आणि म्हणूनच जीव जळत होता.

पाय मुरगळला म्हणून मागं राहिलेली एक पाहुणी चुलीजवळ येऊन बसली. कांद्याच्या पातळ चकत्या बघून तिला कौतुक वाटलं. पातं हातात घेऊ का, असं तिनं विचारलं. घेतलं, उलटसुलट करून पाहिलं, धारेवर हलकेच बोट फिरवलं. घाबरली तर अजिबात नाही.

"काका, किती सुंदर आहे हे. मला असं एक मिळेल का? कशासाठी वापरता तुम्ही?"

गेणभाऊंनी वर पाहिलं. कारवीच्या रानाशी भगवंतची रांग थांबली होती आणि तो फोन वर धरून वाट शोधत होता. उजव्या हाताची वाट, असं ओरडून सांगावं म्हणून त्यांनी तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं.

"कांद्याला," ते म्हणाले.