मला भिंतीवर आपटलं ते बरं झालं

मित्रांनो, मी एक जुनी काशाची वाटी आहे. आमटीची नव्हे, तळपाय घासायची. तळव्याला तूप लावून माझ्या बुडाने घासत राहिलं की तूप काळं पडतं. मग घासणारी बाई म्हणते, "बघ, किती उष्णता निघाली!" ती उष्णता असते की माझाच रंग, हे मला कुणी कधी विचारलं नाही. मीही बोलले नाही. फुकटची कीर्ती कुणाला नको असते?

माझा स्वभाव तसा मऊ नाही. तांबं आणि कथील एकत्र वितळवून कासाराने माझा गोळा केला आणि तो लालबुंद असतानाच बडवायला सुरुवात केली. समोरून एक जण, बाजूने दुसरा. जरा थंड झाले की पुन्हा आगीत, बाहेर काढलं की पुन्हा घाव. असा मार खात खात मी गोल झाले आणि लातूरच्या बाजारातून किल्लारीला एका घरात आले. त्या घरात चांगुणा नावाची मुलगी होती.

त्र्याण्णवच्या भूकंपात त्या घराचं माळवद खाली आलं. दगड, माती, लाकडं, सगळं एकदम. मी फळीवरून उडून चांगुणाच्या खांद्याजवळ पडले. तिच्या डाव्या पायावर तुळई पडली होती. बाजूला तिचे वडील आधी हाका मारत होते, मग कण्हत होते, मग तेही थांबलं. चांगुणाच्या तोंडात माती गेली होती, ओरडता येईना. तिने चाचपडत मला धरलं आणि हाताशी आलेल्या खड्याने मला बडवत राहिली. ठण्, ठण्, ठण्. तो आवाज वर पोचला, म्हणून मदतीला आलेल्या जवानांनी तिथेच खणलं. पोर जिवंत निघाली, पण पाय लाकडासारखा बधिर होता. तिच्या आईने सकाळ-संध्याकाळ तो पाय माझ्या बुडाने घासला. एके दिवशी अंगठा हलला, आणि मायलेकी गळ्यात पडून रडल्या.

त्या दिवसापासून चांगुणाची माझ्यावर जी श्रद्धा बसली, ती कुणाच्या बापाला हलवता आली नाही. गावातच तिचं लग्न झालं, तेव्हा ती मला बरोबर घेऊन गेली. भूकंपानंतर वसवलेल्या नव्या किल्लारीत आमच्या गल्लीत कुणाचे पाय दुखले, कुणाला झोप येईना, की मला बोलावणं यायचं. पुढे मोबाइल आले, मलमं आली, थरथरणारी यंत्रं आली. माझी मागणी घटली आणि मी भिंतीतल्या देवळीत धूळ खात पडले. वाईट वाटायचं. काम नसलेल्या भांड्याला घरात कोण विचारतं?

चांगुणाचा मुलगा व्यंकट किल्लारी-लातूर जीप चालवतो. त्याची बायको रेणुका. स्वभावाने लाख माणूस, पण अंगाने फार जड. गुडघे बोलायचे, रात्री झोपेत श्वास अडकायचा, साखर वाढलेली. लातूरच्या डॉक्टर प्रियदर्शनी यांनी जठर लहान करायचं ऑपरेशन सुचवलं. रेणुका ऑपरेशनला भीत नव्हती. ती भीत होती रक्ताच्या गाठीला.

कारण तिचा थोरला भाऊ शिवकुमार. मोटारसायकलवरून पडून त्याचा पाय प्लास्टरमध्ये होता. कैक दिवस खाटेवर पडून होता. एक दिवस उठला, अंगणापर्यंत गेला आणि छाती धरून कोसळला. पायातली गाठ फुफ्फुसात गेली होती. रेणुकाने ते डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यावरून तिने मनाशी पक्कं केलं होतं की माणूस उठला की गाठ सुटते आणि मरतो.

ऑपरेशन झाल्यावर म्हणूनच ती पलंगावरून उतरेना. मग डॉक्टरांनी तिला समजावलं. घरी आल्यावर ते ती व्यंकटला सांगत होती, तेव्हा मी ऐकलं. "म्याडम म्हनल्या, भाऊ चालला म्हनून न्हाई गेला, पडून होता म्हनून गाठ झाली. तू चाल. पन एकच पाय सुजला, पोटरी दुखायली, तर चोळायचं न्हाई. तसंच निघून यायचं." व्यंकट तेव्हा फोनवर सवारी ठरवत होता. तो नुसता "हाव, हाव" म्हणाला.

रेणुका चालू लागली. अंगणात फेऱ्या मारताना तिच्या ओठांचा रंग उडायचा, पण ती चालायची. गाठ होऊ नये म्हणून दिलेली इंजेक्शनं पोटात टोचून घ्यायची, ती संपेपर्यंत एकही चुकवलं नाही. मात्र भीती काही तिला सोडीना. छातीत जरा गॅस धरला की "गाठ, गाठ!" म्हणून रडायची. व्यंकटने दोनदा जीप पळवत तिला लातूरला नेलं. दोन्ही वेळा काही निघालं नाही. गल्लीत हसू झालं. चांगुणा म्हणायची, "पोरीच्या डोक्यातच गाठ झाली, मायला!"

आणि मग एका दुपारी तिची डावी पोटरी खरंच सुजली. उजवीपेक्षा जाड, गरम, ताणलेली. रेणुका म्हणाली, "आवं, जीप काढा. लातूरला जायचंय."

"पुन्हा?" व्यंकट वैतागला. "आताच फेरी मारून आलो."

चांगुणाने सुनेचा पाय पाहिला आणि तिचा जीव कळवळला. खरं सांगते, तिच्या मनात माया होती, दुसरं काही नव्हतं. ती धावत आत आली, देवळीतून मला काढलं, पदराने पुसलं. मला इतका आनंद झाला! किती वर्षांनी माझी आठवण झाली होती.

"मेलेला पाय जिता केलाय ह्या वाटीनं," ती म्हणाली. "पड खाली. घडीत उतरवते सूज."

"आत्या, न्हाई! चोळायचं न्हाई! म्याडमनं सांगितलंय!"

"म्याडमला काय कळतंय माझ्या वाटीतलं? व्यंकट, धर हिला."

आणि व्यंकटने धरलं. दोन्ही दंड दाबून तिला भिंतीशी सतरंजीवर पाडलं. रेणुका किंचाळायला लागली. बांगड्या फुटल्या, काच त्याच्या तळहातात घुसली, रक्त आलं, तरी त्याने सोडलं नाही. त्याला वाटलं, ही नेहमीची भीती आहे, एकदा चोळलं की शांत होईल. चांगुणा तिच्या मांडीवर गुडघा रोवून बसली, पोटरीवर तूप थापलं आणि मला टेकवलं.

मित्रांनो, मी आयुष्यात शेकडो पाय घासले. असा पाय नव्हता पाहिला. कातडीखाली एक शीर दोरीसारखी टणक झाली होती आणि तव्यासारखी तापली होती. मला हातपाय असते तर मी उलटी पळाले असते. पण वाटीचं कोण ऐकतं?

चांगुणा जोर लावणार एवढ्यात रेणुकाने मोकळा पाय जवळ घेतला आणि सासूच्या छातीत लाथ घातली. चांगुणा मागे जाऊन उंबऱ्यावर आपटली आणि मी तिच्या हातून सुटून सतरंजीवर पडले. रेणुका व्यंकटच्या मनगटाला कडकडून चावली, मला उचललं आणि सगळ्या ताकदीने दगडी भिंतीवर फेकून मारलं.

कासं फुटतं तेव्हा फार मोठा आवाज होतो. माझे दोन तुकडे झाले.

मग चांगुणा उठली आणि तिने सुनेच्या तोंडात काडकन लगावली. "माझ्या आईची वाटी फोडली! माझ्यावर पाय उचलला!"

"मारा," रेणुका धापा टाकत म्हणाली. गालावर बोटं उठली होती. "पायजे तेवढं मारा, आत्या. पन पायाला हात लावू नका. मला मरायचं न्हाई."

व्यंकटने बायकोचा तो चेहरा बघितला. यावेळी ती रडत नव्हती. त्याने आपल्या रक्ताळलेल्या हाताने जीपची किल्ली उचलली.

चांगुणाही जीपमध्ये बसली. कशाला? डॉक्टरांकडे सुनेची तक्रार करायला. माझे तुकडे तिने पदरात घेतले होते. लातूर येईपर्यंत ती शिव्या देत होती आणि रेणुका डावा पाय समोरच्या सीटवर टेकवून, डोळे मिटून बसली होती.

सोनोग्राफी झाली. डॉक्टर बाहेर आल्या, तोच चांगुणाने माझे तुकडे त्यांच्या टेबलावर आपटले. "बघा तुमच्या पेशंटनं काय केलं!"

डॉक्टरांनी सगळी हकीकत ऐकली. मग माझा एक तुकडा हातात घेतला. "मावशी, मांडीपर्यंत गाठ आहे. ह्या वाटीनं चोळलं असतं तर ती सुटून फुफ्फुसात जाऊ शकली असती. तिच्या भावाची गेली तशी. तुम्ही मायेनं मारलं असतं तिला."

चांगुणाने आधी माझ्याकडे पाहिलं. मग आत, जिथे रेणुकाला इंजेक्शन देत होते. तिने दोन्ही हातांनी स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यायला सुरुवात केली. एक, दोन, तीन. व्यंकटने हात धरले, तरी थांबेना. शेवटी आतून रेणुका ओरडली, "आत्या, बास! इकडं या, माझ्यापाशी बसा." तेव्हा ती थांबली, आणि सुनेच्या उशाशी जाऊन लहान पोरीसारखी रडली.

रेणुका वाचली. पुढे कितीतरी महिने रक्त पातळ करायच्या गोळ्या घेत राहिली. भीती अजून तिच्याजवळ आहे. रोज सकाळी ती दोन्ही पोटऱ्या हाताने मापून बघते, आणि मग चालायला निघते. आता तिला घरात कुणी हसत नाही.

परवा शेजारची सिंधु आली. बाळंत होऊन थोडेच दिवस झालेले, एक पाय सुजलेला. "काकू, वाटी हाय का?" चांगुणाने माझे तुकडे तिच्यापुढे टाकले आणि तिचा दंडच पकडला. "चोळायचं नाव काढशील तर तंगडी मोडीन! व्यंकट, जीप काढ!" सिंधु घाबरून रडायला लागली, पण तिला जीपमध्ये बसवल्यावरच चांगुणाने दंड सोडला.

मित्रांनो, आमच्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी म्हणतात, आम्हाला जपा. मी तसं म्हणणार नाही. दुखणारं माणूस "हात लावू नका" म्हणालं, तर तुमची माया कितीही मोठी असो, आधी हात काढा. आणि मध्ये माझ्यासारखी एखादी लाडकी वाटी येत असेल, तर खुशाल भिंतीवर आपटा. मला दुखलं नाही.