चेरीच्या झाडावरच्या फिती

कामेनला गिटार कुणी दिली नाही आणि कुणी शिकवलीही नाही. कपाटाच्या फळीतून त्यानं ती स्वतः कोरली, सायकलच्या ब्रेकची वायर उसवून तारा चढवल्या. बोटं सोलून निघाली, पण गडी हटला नाही. पुढं राजवट बदलली तेव्हा कुणाच्या दारात उभं राहायचं नाही म्हणून प्लोव्दिव शहरातल्या आपल्याच गॅरेजात त्यानं रेकॉर्डची कंपनी काढली. नाव ठेवलं ‘व्राब्चे’, म्हणजे चिमणी. बायकोला, झोर्नित्साला, तो लाडानं हेच म्हणायचा. गायची ती, वाजवायचा हा.

व्राब्चेच्या रेकॉर्डची ख्याती अशी की गाण्याशिवाय चकार आवाज नाही. खोकला, खुर्चीची करकर, दोन गाण्यांमधल्या गप्पा, सगळं कामेन ब्लेडनं टेपमधून कापून काढायचा. आणि कापलेल्या फिती? छे, त्या कोण टाकतंय! मे महिन्यात चेरी लाल व्हायला लागली की त्या फांद्यांना बांधायच्या. वाऱ्यावर चकाकतात, फडफडतात, पाखरं फिरकत नाहीत. सगळी आळी असंच करायची.

‘माझी बडबड झाडाला आणि चेरी तुझ्या पोटात,’ झोर्नित्सा म्हणायची, ‘बरा न्याय आहे रे मेल्या!’

त्यांची लेक याना अजून नीट बोलायलाही लागली नव्हती, तेव्हाच झोर्नित्सा गेली. त्यानंतर कामेननं झाडाला काही बांधलं नाही. खाऊ देत पाखरांना, कुणासाठी राखायची चेरी?

यंदा तिच्या स्मरणाच्या दिवशी रिवाजाप्रमाणे फाटकावर तिच्या फोटोचा कागद लावून झाला. शेजारीपाजारी साखर घातलेले उकडलेले गहू खाऊन, देव तिला क्षमा करो म्हणत निघून गेले. मग दिवस भरत आलेली याना बापासमोर बसली.

‘बाबा, आई मला काय म्हणून हाक मारायची रे?’

कामेनला झोर्नित्साच्या गाण्यांचा सूर न सूर पाठ होता. हाक काही केल्या आठवेना.

‘टेपवर असेल की,’ याना म्हणाली. ‘मी तेव्हा गॅरेजातच लोळत असायचे, तूच सांगतोस. माझ्या बाळाला मला तीच हाक मारायचीय.’

‘गाणी आहेत ना तिची. हवी तेवढी ऐक, बाळा.’

‘गाणी साऱ्या गावाची आहेत. माझी आई कुठाय त्यात?’

आपल्या हातांनी, वर टेंभा मिरवत, आपण काय काय कापलं ते कामेनला आत्ता कळलं. तो उठून गॅरेजात गेला. दाराआडच्या खिळ्याला, पुढच्या चेरीसाठी म्हणून ठेवलेला फितींचा शेवटचा गुंता अजून लोंबत होता. बापलेकीनं बसून तो सोडवला. कामेननं तुकड्याला तुकडा चिकटवला आणि जुन्या यंत्रावर चढवला.

‘मोठा कर आवाज,’ याना म्हणाली. तिनं दोन्ही हात पोटावर ठेवले होते.

आधी खोकला. मग खुर्ची करकरली. मग एक तान्हं पोर खुदकन हसलं.

‘अगंबाई! ही मी?’

कामेननं मान हलवली. तेवढ्यात कुणीतरी श्वास घेतला, लेकराशी बोलायला घेतात तसा, हसरा. तो श्वास झोर्नित्साचा होता. याना पुढं झुकली.

‘झोर्ने, गप्प बस जरा!’ तरुण कामेन खेकसला. ‘फीत वाया जातेय.’

पुढं नुसती खरखर. झोर्नित्सा खरंच गप्प बसली होती. फीत संपून रिकामं चाक गरगरत राहिलं.

कामेन तोंडावर हात घेऊन ढसाढसा रडायला लागला. यानानं त्याच्याकडं पाहिलं नाही.

‘परत लाव,’ ती म्हणाली. ‘तिनं श्वास घेतला तिथपासून.’

रडता रडता त्याला फीत मागं घेता येईना. शेवटी तिनंच घेतली.