माणूस नसलेला मुलूख

“दादा, आम्ही होळी करीसन येतस! तवलोंग पाडाकडे दखजो!”

दरीपलीकडून आलेली ही हाक गिरधरच्या कानांत चोवीस वर्षं मुक्कामाला होती. हाक देणारा दलसिंग तेव्हा पंचविशीचा. खांद्यावर म्हातारी आई बसवून तो काठी गावच्या होळीला निघाला होता आणि त्याच्या मागून ढोल वाजवत, मोरपिसं हलवत सगळा पाडा. गिरधर अलीकडच्या टेकाडावर जंगलमोजणीची साखळी धरून उभा होता. चार दिवस त्यानं त्याच पाड्यात भाकर खाल्ली होती. त्यानं हात उंचावला होता. जा, बघतो.

आज तोच दलसिंग त्याला हाताला धरून बडोद्याच्या रस्त्यानं चालवत होता. डोळ्यांच्या डॉक्टरनं सकाळीच सांगून टाकलं होतं: उशीर झाला, उरलीसुरली नजर वर्षभरात जाईल.

“जमनावहिनी इचारी, ते काय सांगू?” दलसिंग म्हणाला.

“सांग, डॉक्टरनी सुट्टी दिन्ही. आते तुन्हं तोंड दखानं काम नही.”

“मंग माले घरमा भाकर नही भेटाव.”

दोघं हसले, पण हसू रस्त्यावरच सांडून गेलं. गावी, लोणखेड्याला नेणारी गाडी संध्याकाळची. वर ऊन असं की सावलीसुद्धा पायाला चटके देत होती. समोर संग्रहालयाची थोरली इमारत दिसली आणि दलसिंगनं धन्याला आत ओढलं.

आत गारवा होता. एका दालनात अमेरिकेतली चित्रं मांडली होती, शंभरेक वर्षांपूर्वीची. माणसाच्या उंचीहून मोठी. गिरधरला दिसले ते नुसते रंगांचे ढग. सोनेरी, निळा, खाली काळपट हिरवा.

“तू सांग, काय दिसस?”

दलसिंग चित्राकडे तोंड करून उभा राहिला. मग त्याचा आवाज पार बदलला.

“डोंगर शे, दादा. आपला सातपुडाना मायेक, पन माथावर बरफ. खाले नदी. नदीवर ऊन असं पडेल शे, जसं लगीनघरमा हळद सांडेल. एक हरीन पानी पी ऱ्हायनं.”

“आनि माणसं?”

“माणूस नही.”

पुढचं चित्र. तिथं धबधबा होता, माणूस नव्हता. तिसऱ्यात अवघं एक तळं, आभाळ पोटात घेऊन पडलेलं. दलसिंगनं पहारेकऱ्याला विचारलं, “भाऊ, ह्या डोंगरना लोक कोठे गयात?”

पहारेकरी गुजराती. त्यानं भिंतीवरची पाटी वाचून दाखवली. “लख्युं छे ने, मनुष्य वगरनो मुलक. माणस त्यां हतोज नहीं, काका.”

“नही कशा?” दलसिंग चित्राच्या अगदी जवळ गेला. “ही वाट दख. जनावर असं सरळ पान्याकडे उतरत नही, हाई डोकावर हंडा लेल बाईन्ही वाट शे. ह्या झाडन्या खालन्या फांद्या तोडेल शेत, सरपनले. आनि तठे, कडाना मांगे, धूर.”

“धुम्मस छे,” पहारेकरी म्हणाला.

“धुकं खाले बसस, बापा. हाऊ एक जागावरतून उठी ऱ्हायना. चूल शे तठे.”

पहारेकरी हसून दाराशी गेला. गिरधरनं भिंतीला हात टेकला. भिंत थंड होती, तरी तळव्याला ऊब लागल्यासारखं त्याला झालं. जुनी ऊब, चोवीस वर्षांची.

होळीहून पाडा परतला, तेव्हा त्याची जागा सरकारी राखीव जंगलात गेली होती. कागदावर वस्ती नव्हती, म्हणून जमिनीवरही राहू दिली नाही. झोपड्या पाडल्या. दलसिंगची बायको सडकेवर खडी फोडता फोडता तापानं गेली. आई दुसरा पावसाळा पाहू शकली नाही. पुढं शहाद्याच्या बाजारात मोळी घेऊन बसलेला दलसिंग गिरधरला दिसला, आणि त्यानं त्याला सालदार म्हणून घरी आणलं. तेव्हा एकदाच दलसिंगनं विचारलं होतं, पाड्याची नोंद कोणी केली. गिरधरनं पापणी न लववता सांगितलं होतं, “मोजनीना रोज मी तापमा तळवर पडेल व्हतू. दुसरास्नी मोजं.”

दलसिंगनं त्या शब्दावर विश्वास ठेवला, आणि घरातली जात्यावरची ओवी ऐकत तो तिथंच म्हातारा झाला.

*डोंगरना पदरमा माय, लाया मी दिवा*
*वारा इचारस, सांग, कोन्हा हाऊ ठेवा*

“होळीले गयात व्हतीन,” दलसिंग चित्राकडे पाहत म्हणाला.

“कोन?”

“ह्या मुलूखना लोक. मोजनारा उना, तवय घरमा कोनी नही. मन्हासारखाच कोनी येडा व्हई तठे बी.” तो खाली फरशीवर बसला, पाय पोटाशी घेऊन. “पाडानी आग इझाले नको, म्हनीसन दर होळीले एक म्हातारं माणूस मांगे ऱ्हास. त्या साल मन्ही मायनी पाळी व्हती. ती म्हने, मरापहिले एक डाव काठीनी होळी दखाड. मी तिले खांदावर बसाडं. मी मायले मांगे ठेवतू, दादा, ते मोजणीवालास्ले एक तरी जीव दिसता. बायको वाचती. बठा पाडा वाचता. मन्हा हातखाल मरनात त्या.”

गिरधरला त्याचा चेहरा दिसत नव्हता. दिसत होती फक्त फरशीवरची एक काळी गाठोडी, चित्रातल्या डोंगराच्या पायथ्याशी टाकलेली. दरवर्षी शिमग्याला ही गाठोडी अशीच गोठ्यामागे जाऊन बसायची. जमनाबाई पुरणपोळी घेऊन जायची आणि तशीच परत आणायची. गिरधरला दर वेळी खरं काय घडलं ते ठाऊक असायचं.

वस्ती असली की घराघराचं नाव लिहायचं, प्रत्येकाचा अंगठा घ्यायचा, असा मोजणीचा नियम होता. म्हणजे लोक परतेपर्यंत आणखी चार दिवस त्या उन्हात थांबणं. साहेब तळावर झोपलेले. मोजणीची चोपडी गिरधरच्या हातात. घरी बायको, जमना, नुकतीच नांदायला आलेली.

वर्षभरानं आपल्याला अंधारच दिसेल, आणि या माणसाचा हात धरूनच त्यात चालायचं आहे. कुठल्या तोंडानं?

तो भिंत चाचपत खाली बसला. दलसिंगच्या शेजारी, फरशीवर. दलसिंग दचकून उठायला लागला, तसा त्यानं त्याचा हात घट्ट धरला.

“दलसिंग, माले ताप नव्हता. मीच गयथू तुन्हा पाडामा. तुन्ही मायना चुलामा राखखाले इस्तो जित्ता व्हता, मी हात लाईसन दखा. कोंबड्या मन्हा पायमा फिरी ऱ्हायन्यात. तुन्ही हाक मन्हा कानमा व्हती. माले धुळवडले घर जानं व्हतं, म्हनीसन मी मन्हा हातनी चोपडीमा लिखं, वस्ती नही.”