तांडेल रेकॉर्ड्सचा तळ

कॉलेजात असताना चार महिने माझ्याकडे गिटार होती. एवढ्या भांडवलावर आमच्या साप्ताहिकाचे संपादक रविकांत मला संगीततज्ज्ञ समजतात. एरवी मी सावंतवाडीच्या एका शाळेत भूगोल शिकवतो. तरीही आचऱ्याच्या ‘तांडेल रेकॉर्ड्स’ने दोन रॉक अल्बम पाठवले, ते परीक्षणासाठी माझ्याकडेच आले. कंपनी म्हणजे नम्रता, गाणारा तिचा भाऊ प्रितेश, त्याचे तीन मित्र आणि जाळी ठेवायची एक खोप. अल्बम पेनड्राइव्हवर होते.

मी ते घरी पंखा बंद करून, प्रामाणिकपणे ऐकले. गिटार बरी, ड्रम बरे, प्रितेशचा आवाज मीठ लावून वाळत घातल्यासारखा. पण खालचा सूर धरणारी बेस गिटारच नाही. दोन्ही अल्बमांत कुठेच नाही. मी लिहिलं, ‘या मुलांनी कौलं घातली, भिंती रंगवल्या, पाया मात्र विसरले.’ वाक्य मला आवडलं. दोन जणांना वाचूनही दाखवलं. त्यांतली एक बायको होती, तिला इलाज नव्हता.

छापून आल्याच्या चौथ्या दिवशी नम्रताचा फोन आला. ती भांडली नाही, हेच वाईट. तिसरा अल्बम तयार होता, पण माझं वाचून प्रितेशने तो अडवून धरला होता. येत्या शनिवारसाठी त्याने गोव्यातून बेस वाजवणारा बोलावला होता. तिन्ही अल्बमांत बेस भरायचा आणि आधीचं सगळं पुसून टाकायचं, असं त्याचं ठरलं होतं.

“माझा तो आयकना नाय, सर,” ती म्हणाली. “तुमचा आयकता. एकदा बोटीर येवन आयका, मगे काय ता त्याका सांगा.”

शुक्रवारी सकाळी गेलो. बोट तिच्या वडिलांची, बाबली तांडेलांची. केबिनच्या टपावर दोन मोठे स्पीकर बांधलेले. आचऱ्यापासून मालवणपर्यंत चाळीसेक बोटींवर हीच गाणी लावतात, असं नम्रताने सांगितलं. प्रितेश बर्फाच्या खणावर बसला होता. डॉक्टरसमोर रिपोर्ट ठेवताना करतात तसा नमस्कार त्याने मला केला. नम्रताने तिसरा अल्बम लावला. तोच पोकळ, पत्र्याचा आवाज. मी चेहऱ्यावर सहानुभूती आणली. शिक्षकी पेशात ती सवयीने येते.

मग बाबलीने इंजिन सुरू केलं. दोर सुटला आणि नम्रताने गाणं पुन्हा पहिल्यापासून लावलं.

पुढचं लिहायला मी सहा दिवस घेतले आहेत, अजून जमलेलं नाही. सहा सिलिंडरचा धडधडाट फळ्यांतून टाचांत आला, गुडघ्यांत चढला, बरगड्यांत शिरला आणि तिथे गाण्याला भेटला. गिटार इंजिनच्याच सुरात लावलेली होती. ड्रम थांबत, तिथे इंजिन बोलत होतं. खाडीच्या तोंडाशी पाण्याखाली वाळूचा उंचवटा आहे, तिथे प्रत्येक तांडेल, म्हणजे बोट हाकणारा, वेग उतरवतो. बाबलीने उतरवला, इंजिनचा सूर खाली आला आणि त्याच क्षणी गाणंही खाली उतरलं. जेटीपासून तिथवर अकरा मिनिटं लागतात. मुलांनी ती मोजून गाणं बांधलं होतं. मोकळ्या समुद्रात वेग वाढला आणि प्रितेशचा आवाज त्या धडधडाटावर असा उभा राहिला, की माझ्या हातातला चहा सांडला तो मला पँट भिजल्यावर कळला.

किती वर्षं वाजवताय, असं मी बाबलीला ओरडून विचारलं.

“मी खंय वाजवतंय, मास्तरांनू?” समोरची नजर न हलवता तो म्हणाला. “मी बोट हाकतंय.”

प्रितेश माझ्याकडेच बघत होता. “बोटीर बरा वाटता,” तो म्हणाला. “पण घरात आयकतल्यांका अर्धाच वाटतला ना, सर?”

ती शंका खोटी नव्हती. मी स्वतः तिचा छापील पुरावा होतो.

“अर्धंच वाटेल,” मी म्हणालो. “वाटू दे. त्या बेसवाल्याला नको म्हणून सांग.”

त्याने फोन काढला, तर रेंज नव्हती. बाबलीने कुणाला न विचारता बोट किनाऱ्याकडे वळवली. किनारा जवळ आल्यावर गोव्याला फोन लागला. मुलाला बोलता यावं म्हणून बाबलीने इंजिन बंद केलं.

गाणं चालूच राहिलं. मघाचंच, उघडं. आता मात्र त्यात इंजिनसाठी राखलेली जागा मला स्पष्ट ऐकू येत होती आणि प्रितेश फोनवर त्या माणसाची माफी मागत होता.