कापलेले श्वास

प्रज्योतच्या रॅप गाण्यांची मिक्सटेप बाहेर पडली त्या दिवसापासून त्याचा श्वास बंद झाला. बाकी तो बरा होता. जेवत होता, सायकल चालवत होता. फक्त छाती हलत नव्हती.

पहिल्यांदा ते त्याच्या आईच्या लक्षात आलं. मी तिला मावशी म्हणतो; ती यंत्रमागाच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरायला जाते. दुपारी जेवायला घरी आली तेव्हा प्रज्योत चटईवर झोपला होता. तिनं पदराला चिकटलेला सुताचा एक धागा काढून त्याच्या नाकाखाली धरला. धागा हलला नाही. तिनं त्याला उठवलं, भाकरी वाढली आणि मला फोन केला.

"इर्शाद, पोराला काय केलंस?"

काय केलं होतं ते मला ठाऊक होतं. इचलकरंजीत प्रज्योतला सगळे 'धोटा' म्हणायचे. मागावर सूत घेऊन धोटा इकडून तिकडे पळावा तसे त्याचे शब्द पळायचे आणि ओळ संपली की तो मोठ्यानं श्वास ओढायचा. लहानपणापासून सुताची धूळ खाल्लेली, त्यामुळे त्या श्वासात बारीक शिट्टी वाजायची. गच्चीवर, गल्लीत, चहाच्या गाड्यापाशी पोरं त्या शिट्टीची वाट बघत उभी राहायची. तीन वर्षं आम्ही मिक्सटेपवर काम केलं. बीट माझे, रेकॉर्डिंग माझ्या खोलीत. शेवटच्या महिन्यात मला त्या शिट्टीची लाज वाटायला लागली. मोठ्या शहरातली गाणी किती स्वच्छ असतात! मी कॉम्प्युटरवर बसून त्याचा एकेक श्वास कापला. अकराशे चाळीस निघाले. ते मी पुसून टाकले.

मिक्सटेप ऐकायला चाळीस जण गच्चीवर जमले होते. तिसऱ्या गाण्याला लोक मोबाईल बघायला लागले. पूर्वा नावाची एक मुलगी होती, जिला त्याची प्रत्येक ओळ पाठ होती. ती शेवटपर्यंत थांबली.

"आवाज चांगला आलाय," ती म्हणाली. "पण हा कोण आहे?"

प्रज्योत तिच्या शेजारीच उभा होता.

डॉक्टरांनी त्याच्या पाठीला नळी लावली. बराच वेळ ऐकलं.

"आत काहीच नाही," ते म्हणाले. "रिपोर्ट मात्र नॉर्मल आहेत."

"मग काय करायचं?" मी विचारलं.

"जिने चढू देऊ नका."

तो बोलायचा, पण सगळे शब्द सारख्या अंतरावर, मध्ये कुठेच न थांबता. ऐकताना आपलाच जीव घाबरा व्हायचा. हळूहळू गावातल्या थांबायच्या जागाही जायला लागल्या. माझ्या जिन्यातला मधला चौक गेला, पायऱ्या सलग झाल्या. एसटी स्टँडवरची बाकडी गेली. कारखान्यात एक पाळी संपून दुसरी लागायच्या मधली दहा मिनिटं गेली; मावशी डबा उघडायला बसली, तोवर भोंगा झाला. कुणी तक्रार केली नाही. तक्रार करायला थांबावं लागलं असतं.

शेवटी मी प्रज्योतला सांगितलं.

"तुझे श्वास मी कापले."

"कुठे टाकलेस?"

"पुसले. स्वच्छ वाटावं म्हणून."

"मला वाटलं मीच वाईट गायलो," तो म्हणाला.

त्यानं मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

मी जुन्या डिस्क शोधल्या, पेनड्राइव्ह शोधले. काही उरलं नव्हतं. मग मावशीनं तिचा फोन पुढे केला. त्यात एक रेकॉर्डिंग होतं. ती भाकऱ्या थापत असताना तो स्वयंपाकघरात नवीन ओळी म्हणत होता आणि तिनं ते गुपचूप घेतलं होतं. मी कान लावून मोजलं. त्यात नऊ श्वास होते.

रविवारी दुपारी चार वाजता आम्ही तिघं त्यांच्या दारात बसलो. मी फोन त्याच्या तोंडाजवळ धरून पहिला श्वास वाजवला. तो त्याच्या आत गेला. शिट्टी वाजली. तो खोकला, डोळ्यांत पाणी आलं.

"पुरवून वापर रे," मावशी म्हणाली.

यावर तो हसला. हसण्यात दुसरा गेला.

"आई, तू हे कधी घेतलंस गं?" त्यानं विचारलं. तिसरा.

"तुला आवडलं नसतं म्हणून सांगितलं नाही."

तो उठून रस्त्यात उभा राहिला. मला म्हणाला, "वाजवत राहा." मी म्हटलं, उरलेले ठेवूया, काहीतरी मार्ग निघेल. त्यानं नकारार्थी मान हलवली. मी वाजवत राहिलो आणि तो म्हणायला लागला:

"सूत तुटलं की गाठ मारतोस,
माणूस तुटला की नवा आणतोस..."

प्रत्येक ओळीनंतर शिट्टी वाजत होती. समोरच्या घरातली माणसं उंबऱ्यावर आली. कोपऱ्यावरची पोरं गाड्या बंद करून उभी राहिली. पूर्वा कुठून आली कळलं नाही. ती ओठांनी त्याच्याबरोबर म्हणत होती. तीन वर्षांत मी त्याला असं ऐकलं नव्हतं, आणि मी रेकॉर्डही करत नव्हतो. आठव्या श्वासावर तो शेवटच्या ओळीत शिरला:

"एकदा गाठ मारून बघ मला, मी अजून..."

तिथं श्वास संपला. मी नववा वाजवला. तो त्यानं पूर्ण आत ओढला, खांदे वर येईपर्यंत, आणि ओठ मिटले. पुढचा शब्द आणि नववा श्वास, दोन्ही त्यानं आतच धरून ठेवले. मावशी उठून त्याच्यामागे गेली, तिनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. रस्त्यावर कुणी हललं नाही. त्याची छाती भरलेली होती आणि तो आमच्याकडे बघत होता.