हे का कापलंत?

इतिहासाच्या सरांनी यंदा कमाल केली होती. कॉलेजने प्रत्येक वर्गात पडदा आणि प्रोजेक्टर बसवला तेव्हा बाकीच्या प्राध्यापकांनी नाकं मुरडली, पण सरांनी कंबर कसली. सुट्टीभर बसून त्यांनी आपल्या जुन्या टिपणांच्या स्लाइड्स केल्या. मान आखडली, डोळे चुरचुरले, तरी गडी मागे हटला नाही. आता पडद्याकडे तोंड आणि मुलांकडे पाठ करून ते एकेक स्लाइड वाचत, आणि आपण काळाबरोबर चालतो आहोत या समाधानात घरी जात.

मुलंही समाधानात होती. स्लाइड आली की मोबाइल वर, फोटो निघाला की मोबाइल खाली. एकदा सर जीव तोडून जुन्या संपाबद्दल बोलत असताना मागून आवाज आला, "सर, आधीची स्लाइड परत लावता का? फोटो हलला." सगळ्याच्या प्रती काढणारा हा मुलगा, म्हणून वर्गात सगळे त्याला 'झेरॉक्स' म्हणत. पुढे त्यानेच सगळे फोटो वर्गाच्या ग्रुपवर टाकले आणि बाकं ओस पडायला लागली. सगळं खिशात असताना वर्गात यायचं कशाला?

सहामाही संपता संपता प्राचार्य बाईंनी सरांना बोलावून घेतलं.

"सर, स्पष्टच बोलते. ही मुलं वर्षअखेरीला पदवीचा मुख्य विषय निवडणार. इतिहास कुणी घेतलाच नाही, तर मला तो बंद करावा लागेल."

"पण बाई, मी तर सगळं डिजिटल केलंय."

"म्हणून तर विचारतेय," बाई म्हणाल्या. "मग मुलं गेली कुठे?"

आयुष्यभर ज्या विषयाला जीव लावला तो आपल्याच डोळ्यांदेखत बंद होणार, हे सरांना पाहवेना. रविवारी ते थोरल्या बहिणीकडे गेले. ताई रेडिओ केंद्रावर बातम्यांच्या विभागात होती, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी जिभेची धार तशीच. तिने चहा पुढे ठेवला आणि भावाच्या लॅपटॉपवरच्या स्लाइड्स शेवटपर्यंत पाहिल्या.

"प्राध्यापकमहाराज, तू काय केलंस सांगू? फळा काढलास आणि त्याच जागी पडदा टांगलास. पूर्वी मुलं उतरवून घ्यायची, आता फोटो काढतात. त्यांच्या डोक्याला काम कुठे आहे यात?"

"मग काय करू? नाचू वर्गात?"

"नाच, पण ते नंतर. आधी सांग, इतिहास म्हणजे काय असं तू शिकवतोस?"

"साधनं तपासायची. कोण बोलतंय, काय सांगतंय, काय गाळतंय, ते बघायचं."

"हे तू त्यांना सांगतोस की करायला देतोस?" ताईने कप खाली ठेवला. "मी तासभराचं रेकॉर्डिंग ऐकून दोन मिनिटांची बातमी कापायची. काय ठेवू, काय टाकू, याने जीव टांगणीला लागायचा. तेव्हा जे शिकले ते कुठल्या पुस्तकात नव्हतं. आज तीच कात्री प्रत्येक मुलाच्या मोबाइलमध्ये आहे, आणि तू त्यांना सांगतोस, पडद्यावरचं वाचा."

दुसऱ्या दिवशी सरांनी ताईला फोन केला. "तू येशील वर्गात? नदीवरचा पूल पडला त्या दिवसाचं सांगायला?"

ताई आली. ग्रुपवर निरोप गेला होता, त्यामुळे निदान कुतूहलापोटी तरी बरीच मुलं जमली. तिच्या नोकरीच्या काळात नदीवरचा पूल कोसळला होता, आणि त्या सकाळी ती कामावर होती. लोकांनी दोर टाकून माणसं कशी वर काढली, तडे गेल्याच्या तक्रारी आधी किती वेळा आल्या होत्या, सगळं तिने सांगितलं. मध्येच ती म्हणाली, "माझी मैत्रीण त्या पुलावरूनच कामाला यायची." मग थांबली. वर्गात पंख्याचा आवाज तेवढा ऐकू येत होता. मग म्हणाली, "बातमी वेळेवर गेली."

मुलांनी हे सगळं मोबाइलवर रेकॉर्ड केलं. तीन गट झाले, आणि प्रत्येक गटाने त्यातून पाच मिनिटांचा कार्यक्रम करून आणायचा असं ठरलं.

आठवड्याने तिन्ही कार्यक्रम वर्गात लागले. ताई पहिल्या बाकावर बसून ऐकत होती. पहिल्यात धाडसी गावकरी होते. दुसऱ्यात फक्त तक्रारी आणि त्यांच्याकडे काणाडोळा करणारे अधिकारी. तिसऱ्यात एक बातमीदार बाई, जी मध्येच थांबते. माणूस एक, आवाज एक, आणि पूल तीन पडले! वर्गात एकच गलका झाला.

"पहिल्या गटाने ते थांबणं कापलंय," एक मुलगी उठून म्हणाली. "मैत्रीण गेली हे कळतच नाही."

पहिला गट झेरॉक्सचा. "तिथे काही बोलल्याच नाहीत त्या," तो म्हणाला. "रिकामी जागा होती, म्हणून काढली."

"रिकामी होती?" सरांनी हळूच विचारलं.

झेरॉक्सने एकदा ताईकडे पाहिलं, मग खाली.

"नाही सर. आम्ही खोटं काही घातलं नाही. पण कापल्यावर ते खरंही राहिलं नाही." मग म्हणाला, "सर, पुस्तकं लिहिणारेही असंच कापत असतील ना? मग खरं काय झालं ते शोधायचं कसं?"

सरांचा ऊर भरून आला. किती वर्षं हाच प्रश्न ते फळ्यावर लिहीत आले होते, आणि आज पहिल्यांदा तो समोरून आला होता! तास संपल्याची घंटा झाली, कुणी उठलं नाही. सरांनी ग्रंथालयाच्या संगणकावर जुनी वर्तमानपत्रं कशी शोधायची, तक्रारींचे कागद कुठे मागायचे, दोन साक्षी जुळल्या नाहीत तर काय करायचं, हे सांगायला सुरुवात केली. पडदा बंद होता आणि मुलं त्यांच्या तोंडाकडे बघत होती.

दाराशी प्राचार्य बाई कधीच्या उभ्या होत्या. ताईने त्यांना खुणेनेच आत बोलावलं आणि अभिमानाने म्हणाली, "माझा भाऊ आहे तो."

वर्षअखेरीला इतिहास घेणाऱ्यांसाठी जास्तीची बाकं आणावी लागली. प्राध्यापकांच्या बैठकीत अर्थशास्त्राच्या सरांनी कौतुकाने विचारलं, "एका तासाला किती स्लाइड्स करता हो तुम्ही?"

"एकही नाही," सर म्हणाले. "आता मुलं कार्यक्रम करतात. मी फक्त विचारतो, हे का कापलंत?"

मंडळी, आपल्या शाळा-कॉलेजांत रोज नवं यंत्र येतंय आणि ते बसवलं की आपलं काम झालं असं आपण समजतो. यंत्र शिक्षकाच्या हातात राहिलं तर त्याचा फार तर फळा होतो. मुलांच्या हातात देऊन त्यांना जाब विचारणारा शिक्षक समोर असेल, तरच त्यातून माणूस विचार करायला शिकतो. तसा शिक्षक आपल्या गावात असेल, तर त्याचा अभिमान बाळगा आणि त्याचा विषय बंद पडू देऊ नका.