पाव लादी

माझ्या धाकट्या भावाला घरात सगळे शहाणा म्हणतात. चौथ्या वर्षी त्याने कारखान्यातल्या बर्फावर रंगीत खडूंनी चित्रं काढली, तेव्हा हे नाव पडलं. चित्रं तासाभरात वाहून गेली आणि हा भोकाड पसरून रडला. त्याला आता पस्तीस वर्षं झाली. उद्योग तेच आहेत, फक्त रडणं माझ्याकडे आलं आहे.

कारखाना वडिलांचा. मिठाच्या गार पाण्याची मोठी टाकी, तिच्यात उभे लोखंडी साचे, साच्यात साधं पाणी. दुसऱ्या दिवशी साचा वर ओढायचा, उलटा करायचा, बर्फाची लादी घसरत बाहेर येते. वडील गेल्यापासून हे मी बघते. मी आणि म्हातारे मिस्त्री. मिस्त्रींना आता ऐकू कमी येतं आणि माझा उजवा खांदा वर जात नाही. डॉक्टरांनी सरळ सांगितलं, ओढणं बंद करा, नाहीतर हात कायमचा जाईल. म्हणजे घरातलं कोणी आलं नाही तर हा उन्हाळा संपला की टाळं लावायचं. घरातलं कोणी म्हणजे शहाणा. दुसरं आहे कोण?

खांद्याचं मी त्याला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर तो दयेने आला असता, आणि दयेने आलेला माणूस मला कारखान्यात नको होता.

शहाणा कलाकार आहे. म्हणजे चित्रं काढून भिंतीला टांगणारा नव्हे. तो लोकांना कामाला लावतो आणि त्याला कला म्हणतो. हवामान बदलतंय, पृथ्वी तापते आहे, हे लोकांना अंगावर जाणवायला हवं, असं त्याने डोक्यात घेतलं आहे. बरोबरच आहे त्याचं. हल्ली उन्हाळा महिनाभर आधीच दारात येऊन बसतो, हे बर्फवालीला कोणी शिकवायला नको. पण याच्या तऱ्हा बघा. आधी त्याने ऐन उन्हाळ्यात लोकांना दिवसभर स्वेटर घालायला लावले. सात जणांनी घातले, दोघांना चक्कर आली. मग नदीचं पाणी पुढे कुठवर चढेल ते दाखवायला गावभर दिव्याच्या खांबांना निळी दोरी बांधली. लोकांनी तिच्यावर कपडे वाळत घातले. मग फुगे. फुग्यांचं मी बोलणारच नाही.

दर वेळी तो माझ्याकडे येऊन तोंड पाडून बसायचा, आणि महिन्याभरात डोळे चमकवत नवीन काहीतरी घेऊन यायचा. या वेळी मी आधीच अडवलं.

"हे फसलं तर?"

"नाही फसणार, ताई."

"फसलं तर सोमवारपासून कारखान्यात यायचं. सकाळी सहाला. कायमचं."

त्याने टाकीकडे एकदा बघितलं. मग म्हणाला, "ठीक आहे. पण फसलं की नाही, ते मी सांगणार."

मी लगेच हो म्हटलं. माझा भाऊ मूर्ख आहे, पण खोटं बोलत नाही.

तर नवीन बेत असा. बर्फाची एक अख्खी लादी आमच्या दारातून निघणार आणि भर दुपारी, हातोहात, सगळ्या गावातून फिरत नगरपालिकेत पोचणार. तीनशे लोक. प्रत्येकाने एक मिनिट छातीशी धरायची. आपल्याच हातांच्या उबेने ती वितळणार, आणि शेवटी जो लिंबाएवढा तुकडा उरेल तो काचेच्या वाडग्यात घालून साहेबांच्या टेबलावर ठेवायचा. "एवढंच उरलंय," असं म्हणायचं आणि गप्प उभं राहायचं. त्याने चित्रही काढलं होतं. चित्रात एक निवृत्त बाई लादी चहाच्या ट्रेसारखी धरून उभ्या होत्या, चेहऱ्यावर स्मित.

"लादीचं वजन किती असतं रे?" मी विचारलं.

शहाणा चित्राची गुंडाळी करायला लागला.

"शंभर किलोच्या वर. तू कुठे जन्मलास? बर्फाच्या कारखान्यात की कापसाच्या?"

शेवटी मी त्याला पाव लादी कापून दिली.

शनिवारी बाराला तीनशेतले एकतीस जण आले. त्यांतले चौघे त्याचे मित्र, एक फोटोवाली, आणि त्या निवृत्त बाई खरोखरच आल्या होत्या, टोपी घालून. ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं. मी दाराशी हातगाडी घेऊन उभी होते. मला कोणी बोलावलं नव्हतं. पण पाव लादीसुद्धा पंचवीस किलो असते आणि पंचवीस किलो बर्फ छातीशी धरून कोण किती चालतं, ते मला माहीत होतं.

तिसऱ्या माणसानेच ती पाडली. एक कोपरा फुटला. चौथ्याची बोटं बधिर झाली, पाचव्याने "माझी पाठ" म्हणून हात वर केले. पहिल्या चौकाच्या आतच शहाण्याने माझ्याकडे वळून बघितलं. मी गाडी पुढे केली.

"फक्त ठेवायला हं, ताई," तो म्हणाला. "सगळे हात लावून चालतील."

"चाल, चाल."

इथून पुढे जे झालं ते मी शपथेवर सांगते, मुद्दाम केलं नाही. आमच्या गाडीत लाकडाचा भुसा असतोच. बर्फाखाली भुसा नाही असं माझ्या जन्मात झालेलं नाही. बर्फ स्वतःच्या पाण्यात बसला की लवकर जातो, म्हणून मी गाडी जरा तिरकी धरली, पाणी निथळून जाईल अशी. मोठ्या रस्त्याने ऊन होतं, म्हणून मागच्या गल्लीने घेतली, दुकानांच्या सावलीतून. शहाणा पुढे कर्णा घेऊन बोलत होता, त्याला वाटलं गल्लीत माणसं जास्त भेटतील. मधल्या चौकात त्याने वीस मिनिटं भाषण केलं. वीस मिनिटं उघडा बर्फ उन्हात! माझे हात आपोआप गाडीतल्या गोणपाटाकडे गेले. दोन पदर केले, चारी बाजूंनी खोचले. आणि निवृत्त बाई मोठ्या भक्तीने गोणपाटाखाली हात घालायला लागल्या तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "हात लावू नका!"

बाईंनी चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. त्यांचं बघून बाकीच्यांनीही लावला नाही. सबंध रस्ताभर कोणी लावला नाही. तीस वर्षं मी गिऱ्हाइकांवर हेच ओरडत आले आहे, त्यामुळे आवाजाला धार असते.

नगरपालिकेच्या आवारात पोचलो तेव्हा दोन वाजले होते. शहाण्याने वाडगा काढला, घाम पुसला, सगळ्यांना गोल उभं केलं. साहेब बाहेर आले. फोटोवालीने कॅमेरा लावला. शहाण्याने गोणपाट काढलं.

पाव लादी जशीच्या तशी. कोपरा सोडला तर वर एक ओरखडा नव्हता. भुशाने जरा पिवळी दिसत होती, एवढंच.

साहेबांनी चष्मा वर केला. "हा बर्फ बारा वाजल्यापासून उन्हात आहे?"

"हो, पण..." शहाणा म्हणाला.

"अरे वा! मग काय!" साहेब हसले. "एवढ्या उन्हात टिकला की! आपण उगाच घाबरतो." त्यांनी लादीवर थोपटलं, फोटो काढून घेतला आणि आत गेले.

एकतीस जण आधीच अकरा झाले होते, ते एकेक करून पांगले. शहाणा वाडगा मांडीवर घेऊन पायरीवर बसला. मी शेजारी बसले.

"सोमवारी येतो," तो म्हणाला. "सहाला."

"अरे, मी मुद्दाम नाही..."

"माहीत आहे गं. मुद्दाम केलं असतंस तर बरं झालं असतं. भांडता आलं असतं."

जिंकले होते मी. माझा खांदा वाचला, कारखाना वाचला, वडिलांचं नाव राहिलं. आणि मला त्या वाडग्याकडे बघवेना. स्वतःचा असा संताप आला की उठून ती गाडी उलटी करावी. काय गरज होती गल्लीने जायची? त्याच्याकडे आयुष्यात पहिल्यांदा एकतीस माणसं आली होती.

आवाराच्या कडेला एक खिडकी होती, दाखल्यांची. तिच्यासमोर पत्र्याखाली साठेक माणसांची रांग. पत्रा तापून खाली भट्टी झाली होती. त्या रांगेतून एक बाई आली, कडेवर रडणारं तान्हं मूल, त्याचं डोकं घामाने चिकट झालेलं. तिने लादीकडे बघितलं आणि माझ्याकडे.

"हात लावू का?"

नको हे माझ्या ओठांवर आलंच होतं. ते गिळलं. गोणपाट ओढून लांब फेकलं.

"लावा."

तिने तळवा टेकवला आणि मग तो मुलाच्या डोक्यावर ठेवला. मूल दचकलं, रडायचं थांबलं. मग रांग हलली. कोणी दोन्ही हात लावले, कोणी कपाळ टेकवलं, एका ड्रायव्हरने मनगटं धरून ठेवली आणि डोळे मिटले. कोणी रुमाल भिजवून मागच्याला दिला. कोणालाही काही समजावलं नव्हतं, कर्णा पायरीवर पडला होता. लादी गोल झाली, मग बारीक झाली, मग हातांखाली दिसेनाशी झाली. शहाणा कधी उठून उभा राहिला ते मला कळलं नाही. फोटोवाली निघून गेली होती.

शेवटी एक म्हातारी आली. नंबर जाईल म्हणून ती खिडकीशीच थांबली होती. ती पोचली तेव्हा गाडीत ओला भुसा होता.

"संपला?" तिने विचारलं. मग माझ्याकडे बघून, "तुमचाच ना तो कारखाना? असेल की अजून."

वडिलांचा एकच नियम होता. दारात आलेल्याला बर्फ संपला असं म्हणायचं नाही. चुरा द्या, आतून आणून द्या, पण संपला म्हणू नका. मी तो शब्द आजवर एकदाही उच्चारलेला नाही. "आहे की, आत्ता पाठवते," हे जिभेवर तयार होतं. शहाणा माझ्याकडे बघत होता. त्यालाही तो नियम माहीत होता.

"संपला," मी म्हटलं.

म्हातारीने ओल्या फळीवरून तळवा फिरवला, तो मानेला लावला आणि पत्र्यापलीकडच्या उन्हाकडे बघितलं.

"मग आता?" ती म्हणाली.

हा प्रश्न शहाण्याला स्वेटरच्या वेळी कोणी विचारला नव्हता, दोरीच्या वेळी नव्हता, फुग्यांच्या वेळी तर नाहीच. तो तिच्याबरोबर रांगेपाशी जाऊन उभा राहिला आणि हळूहळू बोलायला लागला, कर्ण्याशिवाय. बाकीचे ऐकायला वळले. मी गाडी घेऊन निघाले. साडेतीनला मिस्त्रींबरोबर हातगाडीवर एक अख्खी लादी गुपचूप त्या पत्र्याखाली पाठवली, नाहीतर मला जेवण गेलं नसतं.

फसलं नव्हतं. त्याने सांगायची गरज नव्हती.

सोमवारी सहाला कारखान्याचं दार मी एकटीने उघडलं, डाव्या हाताने. नऊला शहाणा आला, काखेत कागदांची गुंडाळी, डोळे चमकत. "ताई, दोन लाद्या मिळतील? दुसऱ्या खिडकीवर जायचंय, तिथे पण रांग असते."

मी संपला म्हणू शकले असते. एकदा म्हणून झालं होतं, दुसऱ्यांदा सोपं गेलं असतं.

"ने," मी म्हटलं. "पण साचे तूच ओढ. माझा खांदा वर जात नाही."

तो हसला, मग माझ्या हाताकडे बघून थांबला. "कधीपासून?"

"तू लोकांना स्वेटर घालत होतास तेव्हापासून."

शहाण्याने कागदांची गुंडाळी खिळ्याला अडकवली, बाह्या दुमडल्या आणि टाकीकडे गेला. पहिला साचा त्याने वाकडा धरला. मी ओरडले.